हुशार मुलाला पुरेसे काम

शाळाभेटीच्या वेळी आम्हा विस्तार अधिकाऱ्यांकडून बहुधा मागे पडलेल्या मुलांचीच चौकशी होते, आणि ते योग्यच आहे. कोणास वाचता येत नाही, कोणास हातच्याची वजाबाकी जमत नाही, कोण आठवडाभर शाळेकडे फिरकलेले नाही, हे पाहणे आमचे पहिले कर्तव्य होय. परंतु गेल्या पावसाळ्यात एका द्विशिक्षकी शाळेत जो प्रसंग मला पाहावयास मिळाला, त्यामुळे ह्या पुस्तिकेतून एका निराळ्या प्रश्नाकडे शिक्षकबंधुभगिनींचे लक्ष वेधावे असे मनात आले.

तिसरी व चौथी ह्या दोन इयत्ता एकाच खोलीत बसल्या होत्या. मी मागे बसून पाठ पाहत असता एक पालक दाराशी येऊन उभे राहिले. चार एकर कोरडवाहू जमीन, पाय चिखलाने भरलेले. गुरुजींना नमस्कार करून ते माझ्याकडे वळले व म्हणाले, "साहेब, राग मानू नका. पोरगी तिसरीत हाय. रोज घरी येऊन सांगते, आजबी तेच केलं. तिला जरा जड काम द्या, एवढंच म्हणणं. न्हाईतर तालुक्याला मावशीकडं ठेवावी लागंल."

गुरुजींना हे बोलणे लागले. ते कामचुकार नव्हेत. दोन्ही इयत्तांच्या वह्या ते रोजच्या रोज तपासतात. त्यांनी त्या मुलीची गणिताची वही आणून माझ्यापुढे ठेवली. पहिल्या पानावर हातच्याच्या वजाबाकीची बारा उदाहरणे होती, बाराही बरोबर. ती लवकर संपली म्हणून दुसऱ्या पानावर त्याच प्रकारची आणखी बारा, तीही बरोबर. तिसऱ्या पानावर पुन्हा बारा. येथे मात्र अक्षर वाकडेतिकडे झाले होते आणि सात उत्तरे चुकली होती. ते पान दाखवून गुरुजी म्हणाले, "साहेब, हुशार असती तर इथं चुकली असती का?"

त्या तिसऱ्या पानाचा अर्थ मला नेमका उलट वाटला. जी मुलगी चोवीस उदाहरणे एकही चूक न करता सोडविते, तिला वजाबाकी येते. पंचविसाव्या उदाहरणापासून तिची बुद्धी तेथे नव्हती, केवळ हात चालत होता. वडील तोंडाने जे सांगत होते, तेच वही लिहून सांगत होती.

मुलगी तालुक्याला गेली तर शाळेचा पट एकाने घटतो, ही गोष्ट लहान नाही. परंतु त्याहून मोठी गोष्ट अशी की, केवळ पुरेसे काम मिळत नाही म्हणून आठ वर्षांच्या मुलीला आईपासून दूर राहावे लागते. हे टाळणे आपल्या हाती आहे काय, असल्यास कसे, ह्याचा विचार ह्या लेखात करावयाचा आहे.

पालकांची मागणी व तिचा अर्थ

आपल्या मुलाला शाळेत पुरेसे काम नाही असे ज्या पालकांना वाटते, ते बहुधा तीनपैकी एखादी मागणी घेऊन येतात. मुलाला एक इयत्ता पुढे बसवा, मुलाला दुसऱ्या शाळेत घालतो म्हणून दाखला द्या, किंवा शिष्यवृत्तीच्या जादा तासिका आत्तापासून सुरू करा. ह्या तिन्ही मागण्या ऐकताना शिक्षकास आपल्या कामावर ठपका ठेवला जात आहे असे वाटते. मग तो बचावाच्या पवित्र्यात उभा राहतो आणि बोलणे तेथेच खुंटते.

वास्तविक ह्या तिन्ही मागण्यांच्या पोटात एकच साधी विनंती असते, ती म्हणजे मुलाच्या बुद्धीला रोज काही तरी खाद्य मिळावे. पालक शाळेत शिकलेला असो वा नसो, आपले मूल घरी आल्यावर काय बोलते हे तो ऐकत असतो. 'आज काय शिकलास?' ह्या प्रश्नाला 'तेच' असे उत्तर महिनोन् महिने मिळू लागले म्हणजे तो अस्वस्थ होतो. ही अस्वस्थता शाळेवरील अविश्वासातून आलेली नसते. शाळेकडून असलेल्या अपेक्षेतून आलेली असते. जो पालक तक्रार घेऊन येतो, त्याने अद्याप शाळा सोडलेली नाही, हे ध्यानात ठेवावे.

कोणी म्हणेल की, हुशार मूल कोठेही शिकतेच. त्याची चिंता कशाला? ह्या समजुतीची किंमत मी स्वतः एका विद्यार्थ्याकडून वसूल केली आहे, म्हणून ती कथा येथे सांगतो.

अध्यापक विद्यालयातून बाहेर पडून मी नोकरीस लागलो, तेव्हा माझ्या वर्गात एक अत्यंत तल्लख मुलगा होता. त्याचे काम सर्वांआधी होई. मी त्याला वर्गनायक केले. इतरांच्या पाट्या तपासणे, पाढे म्हणवून घेणे, घंटा देणे, पाणी भरून ठेवणे, ही कामे त्याच्याकडे सोपविली. मी त्याला मोठेपणा देत आहे असे मला वाटे. अशी दोन वर्षे गेली. पुढे तो मोठ्या गावच्या शाळेत गेला. तेथे पहिल्याच सत्रात त्याला न सुटणारे गणित भेटले. आयुष्यात प्रथमच तो अडला होता, आणि अडल्यावर काय करावयाचे असते हे त्याला कोणी शिकविलेच नव्हते. 'मला गणित येत नाही' असे म्हणून त्याने तो विषय मनातून टाकून दिला. दोन वर्षे माझ्यासमोर बसून तो मुलगा दुसऱ्यांच्या चुका शोधावयास शिकला होता. स्वतःची चूक शोधून ती निस्तरावयाची सवय त्याला लागलीच नाही. हा दोष त्याचा नव्हता.

ह्यावरून मी एक गोष्ट शिकलो. ज्या मुलाला सर्व काही सहज येते, त्याला शाळेत शिकण्याची क्रियाच घडत नाही. विचार करणे, थांबणे, चुकणे, पुन्हा आरंभ करणे, हे सर्व त्याच्या वाट्याला यावयाचे असेल, तर दिवसातून एकदा तरी ते अडले पाहिजे. हुशार मुलाला पुरेसे काम देणे म्हणजे त्याला अडण्याची संधी देणे होय. अधिक काम आणि अवघड काम ह्यांतील भेद येथेच आहे.

हुशार मूल ओळखावे कसे

गुणपत्रकावरील पहिला क्रमांक ही एक खूण आहे, एकमेव नव्हे. नीटनेटकी वही, मोठा आवाज आणि घरून मिळणारी मदत ह्या तीन गोष्टींनी पुष्कळ मुले वर येतात. आणि त्यांच्या अभावी पुष्कळ बुद्धिमान मुले मागील रांगेत राहून जातात.

चाचण्यांनीही चूक होते. लुईस टर्मन ह्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९२१ साली कॅलिफोर्नियातील बुद्धिमान बालकांचा एक मोठा अभ्यास हाती घेतला. बुद्धिमापन चाचणी घेऊन पंधराशेहून अधिक मुले त्यात निवडण्यात आली. ज्यांची चाचणी झाली पण निवड झाली नाही, अशांत विल्यम शॉक्ली व लुईस अल्व्हारेझ हे दोन मुलगे होते. पुढे ह्या दोघांनाही पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. शॉक्ली ह्यांना १९५६ साली व अल्व्हारेझ ह्यांना १९६८ साली. तज्ज्ञांच्या चाचणीची ही गत, तर आपल्या घटक चाचणीने कोणा मुलाविषयी कायमचे मत बनवू नये, हे उघड आहे.

शिक्षकाने डोळे उघडे ठेवले तर पुढील खुणा दिसतात. मूल 'कसे' ह्यापेक्षा 'का' अधिक वेळा विचारते. शिकविलेल्या रीतीऐवजी स्वतःची आखूड रीत काढते, आणि ती रीत पायऱ्या न लिहिता वापरल्यामुळे कधी कधी गुणही गमावते. एका विषयातील गोष्ट दुसऱ्या विषयात ओळखते. खेळाचे नियम बदलून नवा खेळ मांडते. तोच तो सराव आला की कंटाळते, खोड्या काढते किंवा खिडकीबाहेर पाहत बसते. ह्यांपैकी शेवटच्या खुणेला आपण बेशिस्त म्हणतो आणि मुलाची खरी ओळख तेथेच हुकते.

काही मुले विशेष काळजीने पाहावी लागतात. ज्यांच्या घरी भिल्ली, कोरकू, गोंडी वा वारली बोलली जाते, त्यांची बुद्धी प्रमाण मराठीच्या आड लपलेली असते. ऊसतोडीस जाणाऱ्या कुटुंबातील मूल चार-सहा महिने गैरहजर राहते आणि त्याच्या अभ्यासातील खिंडारे आपणास बुद्धीची उणीव वाटतात. आठवडे बाजारात आईबरोबर भाजी विकणारी मुलगी सव्वा किलो वांग्यांचे पैसे तोंडी सांगते, परंतु फळ्यावरील उदाहरण मांडताना गोंधळते. ह्या मुलांचे पालक मागणी घेऊन शाळेत येणार नाहीत. त्यांच्या वतीने ती मागणी शिक्षकानेच स्वतःकडे करावयाची आहे.

काय करू नये

तेच काम वाढवून देऊ नये. बारा उदाहरणे लवकर सोडविल्याबद्दल आणखी बारा, ही मुलाच्या दृष्टीने शिक्षाच ठरते. थोड्याच दिवसांत ते हळू काम करावयास शिकते.

हुशार मुलाला कायमचा मदतनीस करू नये. कधी काळी सोबत्यास समजावून सांगणे हे दोघांनाही हितकारक आहे. परंतु रोजचा अर्धा तास दुसऱ्याच्या पाट्या तपासण्यात गेला, तर ते त्याचे शिक्षण नव्हे, आपली सोय होय.

वर्गासमोर 'हा पाहा किती हुशार' असे वारंवार म्हणू नये. असे मूल ते बिरुद जपण्याकरिता अवघड कामाला हात घालीनासे होते, कारण चुकले तर बिरुद जाईल अशी त्यास भीती वाटते. स्तुती करावयाचीच तर त्याने धरलेल्या चिकाटीची व शोधलेल्या मार्गाची करावी.

काय करता येईल

आधी विचारावे, मग शिकवावे. नवा घटक सुरू करण्यापूर्वी त्या घटकाच्या शेवटची पाच अवघड उदाहरणे अशा मुलास सोडवावयास द्यावीत. चार वा पाच बरोबर आली, तर सरावाच्या पानांतून त्यास मुक्त करावे. न आल्यास कोठे अडते ते कळेल व तेवढेच शिकवावे लागेल. ह्या एका सवयीने रोजची वीस-पंचवीस मिनिटे मोकळी होतात. ती कशी भरावी, हा पुढचा प्रश्न.

त्याच पाठाची खोली वाढवावी. येथे आपल्याच व्यवसायातील एका माणसाचे उदाहरण उपयोगी पडेल. डहाणू येथे १९०५ साली जन्मलेले दत्तात्रय रामचंद्र कापरेकर हे नाशिक जिल्ह्यातील देवळाली येथे १९३० पासून १९६२ पर्यंत शाळामास्तर होते. साध्या बेरीज-वजाबाकीचा नाद धरून त्यांनी संख्यांचे असे गुण शोधून काढले की, आज जगभर त्यांच्या नावाने ते ओळखले जातात. त्यांचा सर्वांत प्रसिद्ध शोध, जो त्यांनी १९४९ साली मद्रास येथील गणित परिषदेत मांडला, तिसरी-चौथीच्या मुलाला पाटीवर करता येतो.

कोणतीही तीन अंकी संख्या घ्यावी. तिन्ही अंक सारखे नसावेत, एवढीच अट. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडून मोठी संख्या करावी, चढत्या क्रमाने मांडून लहान करावी, आणि मोठीतून लहान वजा करावी. आलेल्या उत्तरावर पुन्हा तीच क्रिया करावी. उदाहरणार्थ ३५२ घेतल्यास ५३२ − २३५ = २९७; मग ९७२ − २७९ = ६९३; मग ९६३ − ३६९ = ५९४; मग ९५४ − ४५९ = ४९५. आता पुढे कितीही केले तरी ४९५ हेच येत राहते. कोणतीही संख्या घेतली तरी फार तर सहा पायऱ्यांत आपण येथे पोहोचतो. उत्तर ९९ आले, तर मात्र ते ०९९ असे लिहून पुढे जावे. चार अंकी संख्येत ह्याच रीतीने फार तर सात पायऱ्यांत ६१७४ येते. जिल्हा परिषदा स्थापन झाल्या ते १९६२ हे वर्षच घेऊन पाहा: ९६२१ − १२६९ = ८३५२, आणि ८५३२ − २३५८ = ६१७४.

ह्यातील सोय अशी की, साऱ्या वर्गाला हातच्याच्या वजाबाकीचा सराव मिळतो आणि कोणास कंटाळा येत नाही. हुशार मुलासाठी मात्र येथून पुढे वाट फुटते. त्याला विचारावे, 'तीन अंकी संख्येत प्रत्येक उत्तराचा मधला अंक ९ च का येतो?' 'कडेच्या दोन अंकांची बेरीज किती होते?' 'दोन अंकी संख्येत काय घडते?' दोन अंकांत एका संख्येवर थांबणे होत नाही. ९, ८१, ६३, २७, ४५ आणि पुन्हा ९ असे चक्र सुरू होते. ते चक्र मुलाला स्वतः सापडू द्यावे. तीन अंकी उत्तरे सर्वच्या सर्व ९९ च्या पाढ्यात असतात, हेही आपण सांगू नये. ते शोधण्यास त्याला आठ दिवस लागले तरी हरकत नाही.

कापरेकरांचाच आणखी एक खेळ दुसरी-तिसरीला चालतो. एखादी संख्या घेऊन तिच्या अंकांची बेरीज तिच्यातच मिळवावी. २३ मध्ये २ + ३ म्हणजे ५ मिळविले की २८. २८ मध्ये १० मिळविले की ३८. म्हणजे २३ पासून २८ जन्मली व २८ पासून ३८. आता प्रश्न असा की, १ ते १०० मधील कोणत्या संख्या कोणापासूनच जन्मत नाहीत? १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२ अशा त्या संख्या आहेत, आणि त्यांस स्वयंभू संख्या म्हणतात. पुढील स्वयंभू संख्या शोधताना एक नियमित अंतर मुलाच्या ध्यानात येईल. ते अंतर आधी सांगून टाकल्यास खेळातील आनंद जातो.

एका विषयापुरते वरच्या इयत्तेत बसवावे. येथे लहान शाळेला मोठ्या शाळेपेक्षा अधिक सोय आहे. शहरातील शाळेत तिसरीचे मूल चौथीच्या गणिताला पाठवावयाचे, तर वेळापत्रक, खोली व शिक्षक सारे बदलावे लागते. आपल्या द्विशिक्षकी शाळेत त्याला केवळ चार हात सरकून बसावयाचे असते. पटावरील इयत्ता तीच राहते, सोबती तेच राहतात, खेळ तोच राहतो; गणिताच्या वेळी मात्र फळ्याची दुसरी बाजू त्याची होते. संपूर्ण इयत्ता ओलांडून पुढे जाण्याने जी मुले वयाने व अंगाने लहान पडून एकाकी होतात, तो धोका येथे नाही. बहुवर्ग अध्यापनास आपण अडचण म्हणून पाहतो. हुशार मुलासाठी ती सुसंधी आहे.

वाचनाची शिदोरी द्यावी. पाठ्यपुस्तक जूनमध्येच वाचून संपविणारे मूल प्रत्येक शाळेत एखादे असते. शाळेच्या पेटीतील पुस्तके कुलपात न ठेवता त्याच्या हाती द्यावीत. पाठ्यपुस्तक मंडळाचे 'किशोर' मासिक १९७१ पासून निघत आहे. त्याचे जुने अंक आणि मराठी विश्वकोश आता संकेतस्थळावर विनामूल्य वाचावयास मिळतात. शाळेतील भ्रमणध्वनी वा संगणक ह्या कामी आठवड्यातून एकदा तरी यावा. वाचलेल्याचा गोषवारा लिहून मागू नये; 'ह्यातले तुला काय पटले नाही?' एवढेच विचारावे.

गावालाच प्रयोगशाळा करावे. अंगणात एक सरळ काठी उभी रोवून दुपारी दर पाच मिनिटांनी तिची सावली मोजावयास सांगावे. घड्याळात बारा वाजतात तेव्हा सावली सर्वांत आखूड असते, असे आपण सारेच म्हणतो. महाराष्ट्राच्या बहुतेक भागात ती त्यानंतर काही मिनिटांनी, पश्चिम भागात तर बहुधा अर्ध्या तासाच्या सुमारास, सर्वांत आखूड होते. कारण आपले घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची वेळ दाखविते आणि आपण त्याच्या पश्चिमेस आहोत. 'पुस्तकात बारा म्हटले आहे, मग काठी खोटी की घड्याळ?' हा प्रश्न मुलाच्या मनात उभा राहिला की, भूगोलाचा सबंध पाठ त्याच्यापुढे आपोआप उलगडतो. मे महिन्यात एक दिवस असा येतो की, मध्यान्हीस त्या काठीची सावली पायथ्याशीच विरते. तो दिवस आपल्या गावी कोणता, हे सुटीत पालकांसह शोधण्यास सांगावे. विहिरीची पाण्याची पातळी, बाजारातील भाव, शेतांची नावे व त्यांमागील कथा, ह्या नोंदीही अशाच उपयोगी पडतात.

स्पर्धा परीक्षांविषयी

जवाहर नवोदय विद्यालयांची योजना १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून आली. सहावीच्या प्रवेशासाठी पाचवीतील मुलांची निवड परीक्षा होते. मानसिक क्षमता, अंकगणित व भाषा हे तिचे तीन विभाग आहेत. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण भागातील मुलांसाठी असतात. ह्या परीक्षेस एकदाच बसता येते, म्हणून मुदतीची माहिती पालकांस वेळेवर देणे हे शिक्षकाचे कर्तव्य होय. शिष्यवृत्ती परीक्षेविषयीही तेच. फॉर्म भरावयाचा राहिला म्हणून एकाही मुलाची संधी जाता कामा नये.

परंतु परीक्षा म्हणजे वर सांगितलेले पुरेसे काम नव्हे. जुन्या प्रश्नपत्रिका दोन वर्षे घोटवून घेतल्याने मूल प्रश्नांचे साचे ओळखू लागते. साच्याबाहेरचा प्रश्न आला की पुन्हा तेच घडते, जे माझ्या विद्यार्थ्याच्या बाबतीत घडले. रोज विचार करण्याची सवय असलेल्या मुलास परीक्षेची तयारी थोडक्यात करून देता येते.

पालकांशी बोलणे

पालक येतील तेव्हा प्रथम त्यांस बसावयास द्यावे आणि तीन गोष्टी विचाराव्यात. मूल घरी कशात रमते? शाळेविषयी काय बोलते? कोणत्या गोष्टीस कंटाळते? मग वही उघडून दोघांनी मिळून पाहावी आणि पुढील महिन्यात आपण कोणती एक गोष्ट वेगळी करणार, हे स्पष्ट सांगावे. मोठी आश्वासने देऊ नयेत. महिन्याने पुन्हा भेटावे.

पालकांसही काही सांगावयाचे असते. मार्गदर्शके विकत आणण्यापेक्षा घरचा हिशेब, खताच्या पिशवीवरील आकडे, बसचे वेळापत्रक मुलाच्या हाती द्यावे. धाकट्या-थोरल्यांशी तुलना करू नये. मूल अडले तर लगेच उत्तर सांगू नये. आणि खेळ बंद करू नये. बुद्धिमान झाले तरी ते आठ वर्षांचेच असते.

वेळ कोठून आणावा

मागे पडलेली मुले समोर असता हुशारांस वेळ देणे न्याय्य आहे काय, असे अनेक शिक्षक विचारतात. पायाभूत साक्षरता व संख्याज्ञान प्रत्येक मुलास यावे म्हणून २०२१ साली निपुण भारत अभियान सुरू झाले, आणि त्यातील एकही मिनिट कमी करावे असे मी म्हणणार नाही. परंतु २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने विशेष आवड व बुद्धी असलेल्या मुलांस नेहमीच्या पाठ्यक्रमापलीकडे प्रोत्साहन द्यावे, असेही शिक्षकांस सांगितले आहे. ही दोन्ही कामे एकमेकांच्या आड येत नाहीत. वर सांगितलेल्या कामांस शिक्षकाची रोजची दहा मिनिटे पुरतात. उरलेला वेळ मूल स्वतः काम करते, आणि तोच वेळ मागे पडलेल्यांस देता येतो. शिवाय असे खुले काम सर्वांपुढे ठेवले म्हणजे ज्याच्याकडून अपेक्षा नव्हती असे एखादे मूलही पुढे सरसावते, हा अनुभव मी एकाहून अधिक शाळांत घेतला आहे.

आरंभी सांगितलेल्या शाळेत दिवाळीनंतर मी पुन्हा गेलो. गुरुजींनी फार काही केले नव्हते. गणिताच्या वेळी ती मुलगी चौथीच्या बाजूस बसत होती आणि आठवड्याला एक अवघड कोडे तिला मिळत होते. मी वही मागितली. एक पान खोडाखोडीने भरले होते. तीन वेळा आरंभ करून तीन वेळा काट मारली होती, आणि खाली चौथ्या वेळी उत्तर आले होते. परत निघताना तिचे वडील रस्त्यात भेटले. ते काळजीने म्हणाले, "साहेब, मागल्या आठवड्यात पोरगी गणित सुटंना म्हणून रडली. जेवली बी न्हाई." मी विचारले, "मग सुटले का?" ते म्हणाले, "तिसऱ्या दिवशी सुटलं. रात्री उठवून सांगितलं तिनं आम्हाला." मावशीकडे ठेवण्याची गोष्ट त्यांनी काढली नाही, मीही काढली नाही.

प्रत्येक शिक्षकाने उद्या शाळेत गेल्यावर अशा एका मुलाची वही काढून पाहावी. त्या वहीत सर्वच उत्तरे बरोबर असतील, तर त्या मुलाला पुरेसे काम मिळत नाही असे समजावे, आणि पालक दाराशी येण्याची वाट न पाहता ते द्यावे.